मृत्यू, कबर आणि तिसरा दिवस : ख्रिस्ताच्या दफनाचा अर्थ मराठीने कसा मांडला

१/ भोरहून हिर्डोशीमार्गे वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरेच्या खोऱ्यातून चढत जातो. हा हिरडस मावळ. बांदल देशमुखांचा आणि त्यांच्या पदरी असलेल्या बाजीप्रभू देशपांड्यांचा मुलूख. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांसाठी बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे घोडखिंडीत उभे राहिले आणि तेथेच पडले. त्याच रात्री शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती गेले आणि मारले गेले, असे परंपरा सांगते. एकाने मरावे आणि त्या मरणाने दुसरा वाचावा, ही कल्पना या मातीला परकी नाही. जगातील एका मोठ्या धर्माचा पायाच अशा एका मरणावर उभा आहे. त्या मरणाचा अर्थ काय, त्यानंतरच्या दफनाला एवढे महत्त्व का, आणि हा अर्थ मराठीत कसा उतरला, याचा हा थ्रेड.

२/ प्रथम आपल्याकडची खूण पाहू. सह्याद्रीतील गावांत वीरगळ आढळतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. मृत्यू, आरोहण, सान्निध्य, असा हा तीन पायऱ्यांचा दगडी इतिहास आहे. दुसरी खूण समाधीची. राजगडावर सईबाईंची समाधी आहे, आळंदीला ज्ञानेश्वरांची. समाधीपाशी माणूस हात जोडतो, कारण तेथे कोणीतरी आहे अशी त्याची श्रद्धा असते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र येशूच्या कबरेचे महत्त्व नेमके उलट आहे. ती कबर महत्त्वाची, कारण ती रिकामी आहे.

३/ आता मूळ घटना. येशू नावाच्या गालीलातील एका यहुदी गुरूला यहुदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आज्ञेने यरुशलेमात क्रूसावर खिळण्यात आले. पिलाताचा कार्यकाळ इ. स. २६ ते ३६. त्यामुळे ही घटना साधारण इ. स. ३० च्या सुमाराची मानली जाते. ख्रिस्ती ग्रंथांबाहेरही तिचा उल्लेख सापडतो. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६ च्या सुमारास, ख्रिस्ती पंथाविषयी मुळीच सहानुभूती नसताना, या पंथाच्या संस्थापकाला पिलाताने देहदंड दिल्याचे नमूद केले आहे.

४/ क्रूस हे आज दागिन्यावर दिसणारे चिन्ह आहे. पहिल्या शतकात तो गुलाम, बंडखोर आणि लुटारू यांच्यासाठी राखून ठेवलेला शिक्षेचा प्रकार होता. वेदनेइतकाच अपमान हा त्याचा हेतू होता. वाटसरूंनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कडेला ही शिक्षा दिली जाई. पुष्कळदा देह तसाच टांगलेला ठेवत आणि गिधाडे व कुत्री त्याचा शेवट करीत. ज्याला दफन नाही त्याला स्मरण नाही, असा त्यामागचा राजकीय हिशेब होता. म्हणून ‘त्याला पुरण्यात आले’ हे विधान त्या काळी साधे नव्हते. राज्यसत्तेने जे नाकारायचे, ते येथे कोणीतरी मिळवले होते.

५/ ते मिळवणारा माणूस म्हणजे अरिमथाईचा योसेफ. चारही शुभवर्तमानांत त्याचे नाव येते. येशूवर आरोप ठेवणाऱ्या यहुदी सभेचाच हा प्रतिष्ठित सदस्य पिलाताकडे गेला आणि त्याने देह मागून घेतला. तागाच्या वस्त्रात गुंडाळून तो खडकात खोदलेल्या कबरेत ठेवण्यात आला आणि तोंडाशी धोंड लोटण्यात आली. योहानाच्या शुभवर्तमानानुसार निकदेम नावाच्या दुसऱ्या एका सभासदाने गंधरस व अगरू यांचे सुमारे ३० किलोंहून अधिक मिश्रण आणले. रात्री गुपचूप भेटायला येणारा हा शिष्य गुरूच्या मृत्यूनंतर उघडपणे पुढे आला, हा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे.

६/ क्रूसावर दिलेल्या माणसाला कबर मिळणे शक्य तरी होते का? यहुदी धर्मशास्त्रानुसार टांगलेल्या अपराध्याचा देह रात्रभर ठेवणे निषिद्ध होते. त्याच दिवशी त्याचे दफन करणे बंधनकारक होते. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस हाही सांगतो की यहुदी लोक क्रूसावर दिलेल्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरत असत. १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या गिवात हामिवतार येथे अस्थी ठेवण्याची एक दगडी पेटी सापडली. तिच्यावर ‘येहोहानान’ असे नाव कोरलेले होते आणि आतल्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. क्रूसावर मेलेल्याला घरच्या लोकांनी रीतसर दफन दिल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

७/ ख्रिस्ती श्रद्धेची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संक्षिप्त मांडणी पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र इ. स. ५५ च्या आसपासचे, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाच्या आतले. आपणही हे इतरांकडून स्वीकारून पुढे सोपवत आहोत, असे पौल तेथे सांगतो. त्या मांडणीत तीन क्रियापदे आहेत : ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. मरण आणि पुनरुत्थान यांच्यामध्ये दफनाला स्वतंत्र जागा का द्यावी? त्याची उत्तरे पुढची अनेक शतके शोधली गेली.

८/ पहिले उत्तर : मरण खरे होते. पहिल्या-दुसऱ्या शतकांत काही पंथ असे मानू लागले की ईश्वराला वेदना होणे आणि मरण येणे शक्यच नाही. येशूचा देह केवळ भास होता, क्रूसावर दिसले ते मायेसारखे दृश्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा धर्माध्यक्ष इग्नेशियस याने याला कडाडून विरोध केला. त्याचा युक्तिवाद साधा होता. वेदना खोटी असेल तर माणसाचे तारणही खोटे. भास पुरता येत नाही. पुरला जातो तो देह. दफन म्हणजे मृत्यूवर उमटवलेली मोहोर.

९/ म्हणूनच इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात (श्रद्धेच्या संक्षिप्त घोषणेत) एक विलक्षण गोष्ट दिसते. मूळ ग्रीक पाठात येशूला क्रूसावर खिळले, त्याने दुःख सोसले आणि त्याला पुरले, अशी क्रियापदे येतात. ‘मेला’ हे क्रियापद स्वतंत्रपणे येत नाही. ‘पुरला’ म्हटले की मरण त्यात आलेच. त्याच घोषणेत पिलाताचे नावही आहे. एका दुय्यम रोमन अधिकाऱ्याचे नाव जगभरच्या उपासनेत आजही उच्चारले जाते. ही कथा ‘एकदा एका नगरात’ घडलेली नसून इतिहासात, एका सुभेदाराच्या कारकिर्दीत घडली, असा दावा त्यातून केला जातो.

१०/ दुसरे उत्तर त्या मरणाच्या हेतूविषयी आहे. येथे मराठी शब्द फार उपयोगी पडतात. मराठी बायबलमध्ये या मरणासाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याने पाप केले त्यानेच घ्यायचे असते. ख्रिस्ती विचारात ते निष्पाप दुसरा घेतो. तेथेच ‘खंडणी’ हा शब्दही येतो, आणि मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला खंडणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तिसरा शब्द ‘तारण’. उद्धार हा त्याचा एक अर्थ आणि कर्जापोटी ठेवलेली हमी हा दुसरा. ख्रिस्ती सिद्धान्तात दोन्ही छटा एकत्र येतात, कारण तारणारा स्वतःच तारण म्हणून ठेवला जातो.

११/ मरणाने पाप कसे फिटते, यावर चर्चने एकच उत्तर कधी ठरवले नाही. आरंभीच्या धर्मपित्यांना हे मरण म्हणजे मृत्यू आणि सैतान यांच्यावरचा विजय वाटे. सुमारे १०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म याने दुसरी मांडणी पूर्ण केली : पापाने ईश्वराचा मान भंगला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची क्षमता केवळ ईश्वरात आहे, म्हणून ईश्वर माणूस झाला. बाराव्या शतकात फ्रान्सच्या अ‍ॅबेलार्डने भर दिला तो प्रेमावर. एवढे प्रेम पाहून माणसाचे हृदय पालटते, हेच तारण, असे तो म्हणे. विजय, भरपाई आणि प्रेम या तिन्ही धारा आजही वाहत आहेत.

१२/ तिसरे उत्तर शनिवारचे. शुक्रवारी मरण, रविवारी पुनरुत्थान. मधल्या दिवशी काय? पाश्चात्त्य चर्चच्या ‘प्रेषितांच्या मतांगीकारा’त दफनानंतर ख्रिस्त अधोलोकात उतरला, असे म्हटले आहे. पूर्वेकडील चर्चच्या चित्रांत हा प्रसंग फार जिवंत दिसतो. पाताळाची दारे मोडून पडली आहेत, कुलपे-किल्ल्या विखुरल्या आहेत आणि ख्रिस्त आदाम व हव्वा यांना मनगट धरून थडग्यांतून वर ओढतो आहे. अर्थ असा की माणूस जेथपर्यंत खाली जाऊ शकतो, तेथपर्यंत तारणारा गेला. कबर ही शेवटची खोली, आणि तीही त्याने वगळली नाही.

१३/ चौथे उत्तर बाप्तिस्म्याचे. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठतो. म्हणजे पाण्यात उतरणे हे केवळ स्नान नसून दफन आहे. आरंभीच्या शतकांत दीक्षेसाठी पुनरुत्थानाच्या सणाची पहाट विशेष पसंत केली जाई, त्यामागे हाच विचार होता. येशूची कबर अशा रीतीने प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या आयुष्याचा आरंभबिंदू ठरली.

१४/ प्रत्यक्ष कबरेचे काय झाले? परंपरेने मानलेल्या जागी दुसऱ्या शतकात रोमनांनी मंदिर बांधले होते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ते पाडून चर्च उभारले. त्याचा प्रतिष्ठापना सोहळा ३३५ मध्ये झाला. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याने ते उद्ध्वस्त केले, पुढे पुन्हा बांधणी झाली, आणि १०९९ मध्ये पहिल्या धर्मयुद्धात युरोपीय सैन्याने यरुशलेम घेताना नगरात भीषण कत्तल केली. ज्या कबरेचे महत्त्व तिच्या रिकामेपणात, तिच्या ताब्यासाठी इतके रक्त सांडले. सिद्धान्त आणि सत्ता यांच्यातील हे अंतर पुढे गोव्यातही दिसणार होते.

१५/ गोव्यात हा विषय मराठीत आणला तो एका इंग्रजाने. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याचे बहुतेक आयुष्य साष्टी भागात गेले. त्या काळची साष्टी शांत नव्हती. पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती आणि गावांत असंतोष धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि इतर चार जेझुइटांना, तसेच त्यांच्याबरोबरच्या अनेक ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार केले.

१६/ पाचही जेझुइटांचे देह विहिरीत टाकण्यात आले होते. ते परत मिळवून त्यांचे ख्रिस्ती रीतीने दफन करण्याच्या कामी स्टीफन्सने पुढाकार घेतला. देह राशोल येथील चर्चमध्ये पुरण्यात आले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या सोळा गावकारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांपैकी बहुतेकांना ठार केले. एका बाजूला मृतांना सन्मानाने पुरणारा पाद्री, दुसऱ्या बाजूला दगा करून मारणारी त्याच धर्माची सत्ता. स्टीफन्सच्या ग्रंथाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

१७/ तेहेतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याच राशोलमध्ये स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओव्या सुमारे ११,०००, भाषा कोंकणीचा स्पर्श असलेली मराठी, लिपी रोमन. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र, मरण, दफन आणि पुनरुत्थान. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे ऐकायला बंदी होती. पण पुराण ऐकण्याची भूक कायम होती. स्टीफन्सने छंद त्यांचाच ठेवला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही त्यांचाच घेतला, आणि कथा बदलली.

१८/ मात्र शब्द घेतला की त्यामागचा अर्थही सोबत येतो. श्रोत्यांना अवतार ठाऊक होता. अवताराचे देहावसानही ठाऊक होते : महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण लागून श्रीकृष्ण निजधामाला जातात. पण तेथे मृत्यू हा अवतारकार्याचा समारोप आहे. कार्य आधीच संपलेले असते. ख्रिस्ती श्रद्धेत मृत्यू हेच कार्य आहे. अवतार दुष्टांचा संहार करतो. येथे तारणारा दुष्टांच्या हातून मारला जातो आणि त्यांच्याचसाठी क्षमा मागतो. ओवीच्या परिचित चालीत हा अपरिचित विचार बसवणे, हे स्टीफन्सपुढचे खरे आव्हान होते.

१९/ घोडखिंडीची आठवण येथे उपयोगी पडते. बाजीप्रभूंचे मरण राजासाठी होते. सेवकाने स्वामीसाठी प्राण दिले. त्या मरणाचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला क्षणात कळतो. ख्रिस्ती विचारात दिशा उलटते : स्वामीच सेवकांसाठी मरतो, आणि तेही निष्ठावंतांसाठी नव्हे, तर पळून गेलेल्या शिष्यांसाठी आणि शत्रूंसाठी. शिवा काशीदांनी दुसऱ्याचे रूप घेऊन मृत्यू स्वीकारला; येथे ईश्वर माणसाचे रूप घेऊन माणसाचा मृत्यू स्वीकारतो, असे ख्रिस्ती मानतात. दोन्ही कथांची योग्यता तोलायची नाही. या फरकातून सिद्धान्त स्पष्ट होतो, एवढेच.

२०/ उत्तर कोकणात असाच दुसरा ग्रंथ गेला. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या पाद्रीने वसई-ठाणे भागातील ख्रिस्ती लोकांसाठी त्यांच्या मराठी बोलीत पुराण रचले. त्याचा विषयच ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरण हा होता. ते लिस्बनला १६५९ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. हे वर्ष लक्षात राहण्यासारखे आहे : त्याच वर्षी राजगडावर सईबाईंचे निधन झाले आणि प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला. स्वराज्य उभे राहत असताना हजारो मैलांवर, टॅगस नदीच्या काठी, मराठी ओळींचे खिळे जुळवले जात होते.

२१/ ज्या सत्तेने ही भाषा धर्मप्रसारासाठी उचलली, तिनेच ती पुढे नाकारली. १६८४ मध्ये गोव्याच्या विजरईने (कोंदे द आल्व्होर) स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत, विशेषतः गोव्यातून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांत. त्यांच्या घरी तो वाचला जाई. या हस्तलिखितांवरून जे. एल. साल्दान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली.

२२/ ग्रंथ दुर्मिळ झाले तरी विधी चालू राहिला. गुड फ्रायडेला (उत्तम शुक्रवारी) कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. वेदीवरची वस्त्रे काढलेली असतात, घंटा मुक्या असतात आणि त्यांच्या जागी लाकडी खटखटे वाजते. गोव्यातील अनेक गावांत हात दुमडता येणारी ख्रिस्ताची लाकडी मूर्ती क्रूसावरून उतरवली जाते, शवपेटिकेवर ठेवली जाते आणि शोकगीतांच्या साथीने मिरवणूक निघते. हे नाटक नाही. ही गावाची अंत्ययात्रा आहे. अरिमथाईच्या योसेफाने जे काम दोन-चार माणसांत घाईघाईने उरकले, ते दरवर्षी अख्खा गाव सावकाश करतो.

२३/ सत्ता बदलल्यानेही हे थांबले नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील पोर्तुगीज गेले, तेथली चर्चे ओस पडली. पण किल्ल्याबाहेरच्या गावांतील ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी राहिले. मराठी बोलणारे, मराठी राज्यात राहणारे आणि शुक्रवारी आपल्या तारणाऱ्याला पुरणारे. ख्रिस्ती धर्म म्हणजे परकी सत्ता हे समीकरण वसईच्या मळ्यांत त्याच वेळी मोडले, हा मुद्दा इतिहासाच्या अभ्यासकाने नीट टिपून ठेवावा.

२४/ एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी नवी परिभाषा आणली. श्रीरामपूर (बंगाल) येथे विल्यम कॅरी आणि वैजनाथ पंडित यांच्या कामातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पुढच्या मराठी भाषांतरांत ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ झाला. पोर्तुगीजांकडून आलेला ‘क्रूस’ हा पूजेतला शब्द. ‘वधस्तंभ’ ऐकताच शिक्षा आठवते. दफनाच्या जागेसाठी ‘समाधी’ हा शब्द हाताशी असूनही ‘कबर’ हा अरबीतून आलेला, रोजच्या वापरातला शब्द स्थिरावला. हे समर्पकच आहे. समाधी मनुष्य स्वेच्छेने घेतो. कबरेत त्याला दुसरे ठेवतात. आणि समाधीतून कोणी उठून जावे, ही अपेक्षाच नसते.

२५/ नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती श्रद्धेला अभंग-ओवीची भाषा पुन्हा मिळवून दिली. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ ९ मे १९१९ रोजी झालेल्या त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांच्या मृत्यूशी निगडित एक गोष्ट या विषयाला थेट भिडते : त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहाला दहन देण्यात आले. ज्या तारणाऱ्याचे दफन मतांगीकारात आहे, त्याच्या या भक्ताने कबर नाकारली. कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनाला मनाई केली होती आणि ती १९६३ मध्ये उठवली. टिळक प्रॉटेस्टंट असल्याने त्या नियमाखाली येत नव्हते. पण त्यांच्या निर्णयाने प्रश्न उभा राहिलाच.

२६/ प्रश्न असा : दफन हा श्रद्धेचा गाभा की केवळ रीत? ख्रिस्ती विचाराचे उत्तर दोन पदरी आहे. येशूचे दफन हा श्रद्धेचा भाग, कारण त्यातून मरण खरे ठरते आणि रिकाम्या कबरेला अर्थ येतो. इतरांचे दफन हे त्याचे अनुकरण, म्हणून आदराचे. पण पुनरुत्थान जमिनीत ठेवलेल्या हाडांवर अवलंबून नाही. माती झालेल्या देहाला जो उठवू शकतो, त्याला राख अवघड नाही. टिळकांनी पूर्वजांची रीत ठेवली आणि आशा ख्रिस्ती ठेवली.

२७/ आता कुंकळ्ळीकडे परत. १५८३ मध्ये मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांचे देह शोधले गेले, पुरले गेले, त्यांचे अवशेष जपले गेले, आणि १८९३ मध्ये रोमने त्यांना ‘धन्य’ घोषित केले. असोळण्यात मारल्या गेलेल्या गावकारांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहिले ते एकविसाव्या शतकात, चारशेहून अधिक वर्षांनी. दोन्ही बाजूंचे लोक मेले. स्मरणाची व्यवस्था मात्र एकाच बाजूला होती. येशूच्या दफनाची मूळ कथा येथे वाचणाऱ्याला अस्वस्थ करते, कारण त्या कथेत देहदंड देणारी सत्ता एका बाजूला आहे आणि दंडिताचा देह मागणारा माणूस दुसऱ्या बाजूला.

२८/ ख्रिस्ती श्रद्धेत तारणाऱ्याचे मरण सांगते की ईश्वर दुःखापासून दूर राहिला नाही. त्याचे दफन सांगते की ते दुःख खरे होते, अगदी शेवटच्या धोंडेपर्यंत. रिकामी कबर सांगते की तो शेवट नव्हता. हे मानायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. इतिहासाच्या वाचकाला मात्र या कथेतून एक कसोटी हाती येते. कोणताही काळ अभ्यासताना मारले कोण गेले एवढेच पाहू नये. त्यांचे देह कोणी मागितले, कोणाला कबर मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हेही विचारावे.